माझारिनादचा नाद

आई दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा इकडे आली तेव्हा आल्या आल्या तिने घरातली सगळी कपाटं लावायला घेतली, आणि तिसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून घरी येते तर माझे कागद डायनिंग टेबलवर आणि शेजारी सुतळी. "अगं, एवढी जुनी रद्दी कशाला साठवलीस? इकडे रद्दीवाला येत नाही का?" मी बॅग तशीच खाली टाकली आणि आधी कागद मोजले. एकोणीस होते, एकोणीस भरले. मग सांगितलं की आई, ही रद्दी मी विकत घेतलीय. किंमत विचारली तर निम्मी सांगितली, तरी तिने सुतळी बाजूला ठेवली आणि खुर्चीत बसली.

तसं तिचं काही चुकलं नव्हतं. हे कागद छापले त्या दिवशीसुद्धा रद्दीच होते. सकाळी फेरीवाल्याने ओरडून विकायचे, दुपारी लोकांनी वाचून हसायचं, संध्याकाळी त्यात काहीतरी बांधून द्यायचं, एवढंच त्यांचं आयुष्य धरलेलं. पावणेचारशे वर्षांनी सांगलीहून आलेली बाई ते डायनिंग टेबलवर रचून ठेवेल असं छापणाऱ्याच्या बापाच्याही डोक्यात आलं नसणार.

तर हे कागद म्हणजे माझारिनाद, माझारँ नावाच्या फ्रेंच मंत्र्यावरून छापलेली जुनी पत्रकं. स्पेलिंग फ्रेंच आहे, शेवटचा 'नाद' मात्र आपला, आणि तो लागला की सुटत नाही हे मी स्वतःच्या बँक अकाउंटवरून सांगू शकते.

गोष्ट १६४८ ते १६५३ मधली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई, पण तेव्हा तो नुसतं पोर होता, १६४३ मध्ये बाप गेला तेव्हा पाचही पूर्ण नव्हती त्याला. कारभार आईकडे, म्हणजे राणी ॲनकडे, आणि तिच्यामागे सगळं चालवणारा मुख्यमंत्री कार्डिनल माझारँ. हा मूळचा इटालियन, म्हणजे बाहेरचा, तिकडे युद्ध वर्षानुवर्षं चाललेलं आणि तिजोरीत खडखडाट, म्हणून रोज नवा कर, त्यात याने इटलीहून भाच्या आणून ठेवलेल्या, खर्चिक इटालियन ऑपेरा करवला, आणि राणीशी त्याचं काय आहे यावर अख्ख्या पॅरिसचं मत तयार. शिव्या खायला एवढं पुष्कळ झालं.

भडका उडाला पॅरिसच्या पार्लमांमधून. नावावर जाऊ नका, ही आपली संसद नव्हे, हे वरचं कोर्ट. राजाचा हुकूम तिथल्या दप्तरात चढल्याशिवाय लागू होत नसे, आणि न्यायाधीशांच्या जागा म्हणजे सरळसरळ वतनं, विकत घेतलेली, बापाकडून पोराकडे जाणारी. सरकारने त्या वतनांनाच हात घालायला सुरुवात केली तेव्हा या मंडळींना अचानक जनतेचं दुःख दिसायला लागलं (असं मी म्हणते, इतिहासकार जरा सभ्य शब्दांत म्हणतात). ऑगस्ट १६४८ मध्ये लाँसची लढाई जिंकल्याच्या प्रार्थनेचा मुहूर्त साधून राणीने ब्रूसेल नावाच्या म्हाताऱ्या, लोकप्रिय न्यायाधीशाला उचललं, आणि पॅरिसकरांनी साखळ्या, पिंपं, फरशा जे मिळेल ते रस्त्यावर टाकून हजाराच्या वर अडथळे उभे केले. दोन दिवसांत म्हाताऱ्याला सोडावं लागलं. पुढच्या जानेवारीत, ५ आणि ६ च्या मधल्या रात्री, राणी पोराला घेऊन पॅरिसमधून सटकली ती सां-जर्मांला, आणि मग राजाच्याच सैन्याने राजाच्याच राजधानीला वेढा घातला.

या सगळ्या भानगडीला नाव पडलं फ्रोंद. फ्रोंद म्हणजे गोफण. पॅरिसच्या खंदकात पोरं गोफणीने दगडफेक करायची, शिपाई आले की पळायची, गेले की परत सुरू. पार्लमांचे हे न्यायाधीश तसेच वागतात असं कुणीतरी चिडवलं आणि ते नाव इतकं चिकटलं की पाव, टोप्या, हातमोजे, पंखे, सगळं 'गोफण स्टाइल' विकायला लागले. क्रांती चाललीय आणि बाजारात तिचे पंखे! मला या लोकांबद्दल प्रेम वाटायला लागलं ते इथून.

आणि वेढा पडलेल्या त्या शहरात सगळ्यात जास्त काय पिकलं असेल तर कागद. पाच वर्षांत पाच हजारांच्या वर वेगवेगळी पत्रकं निघाली, त्यातली खूप मोठी लाट १६४९ च्या पहिल्या तीन महिन्यांतली. माझारँला शिव्या, माझारँचं मृत्युपत्र, स्वर्गातून माझारँला पत्र, नरकातून माझारँला पत्र, कोळणींची तक्रार, पावाच्या भावाचं रडगाणं, आणि हे सगळं बऱ्याचदा आठ-आठ अक्षरांच्या यमकी ओळींत, की गाता यावं. 'माझारिनाद' हा शब्द मात्र उशिरा आला, १६५१ मध्ये त्याच नावाची एक भयंकर अश्लील कविता निघाली त्यावरून, आणि ती पोल स्काराँच्या नावावर आहे. हा स्काराँ आजाराने वाकून खुर्चीला खिळलेला कवी, आधी एक आख्खं काव्य माझारँला अर्पण करून बसलेला आणि बदल्यात काही न मिळालेला, म्हणजे राग समजण्यासारखा. गंमत पुढे आहे. याच्या मागे राहिलेली तरुण बायको नंतर मादाम द मँतनों झाली, आणि चौदाव्या लुईने तिच्याशी गुपचूप दुसरं लग्न केलं. राजाच्या आईबद्दल जे लिहू नये ते लिहिणाऱ्याची विधवा राजाची बायको. टीव्ही सीरियलवाल्यांनी असं दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं काहीही हं.

माझा पहिला माझारिनाद मला मिळाला पॅरिसच्या पंधराव्या विभागात, जॉर्ज ब्रासांस पार्कच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात. शनिवार-रविवार भरतो, जिथे पूर्वी घोड्यांचा बाजार होता त्या शेडखाली. मी गेले होते स्वयंपाकाचं जुनं पुस्तक बघायला, आणि एका खोक्यात प्लास्टिकच्या कव्हरमध्ये हा कागद, साठ युरो, वर १६४९. आपल्याकडे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं पुस्तक हातात घेतलं तरी पानाचा कोपरा बिस्किटासारखा तुटतो, आणि हा १६४९ चा कागद मऊ, धुतलेल्या सुती कापडासारखा. कारण तो कापडच आहे. तेव्हाचा कागद चिंध्या कुजवून कुटून करायचे, लाकडाचा लगदा आणि त्यातलं ॲसिड ही भानगड नंतरची. कुणाच्या तरी फाटक्या सदऱ्यावर माझारँला शिव्या छापल्यात, आणि म्हणून त्या टिकल्यात.

उजेडासमोर धरला की जाळीच्या दूरदूर असलेल्या रेघा दिसतात, आणि त्या आडव्या असायला हव्यात. हे मला नंतर कळलं. एक मोठा ताव घ्यायचा, त्याच्या एका अंगाला चार पानं, दुसऱ्या अंगाला चार पानं छापायची, दोनदा घडी घालायची, झालं आठ पानी पत्रक. ताव दोनदा दुमडल्यामुळे रेघा आडव्या पडतात आणि कागदवाल्याची पाणखूण, म्हणजे वॉटरमार्क, बरोबर मधल्या घडीत जाऊन दोन तुकड्यांत फाकते. रेघा उभ्या दिसल्या की समजायचं काहीतरी गडबड आहे.

बहुतेक माझारिनाद आठ पानांचे का, तर लिहिणाऱ्याला आठ पानांपुरतंच सांगायचं होतं म्हणून नव्हे, तावाची पानं आठ म्हणून. आणि यातच सगळी मजा आहे. माझ्याकडच्या एका पत्रकात (नाव सांगत नाही, भाव वाढतात) पहिली पाच पानं ऐसपैस, मोठ्या टाइपात, वर वेलबुट्टीची पट्टी, सुरुवातीचं अक्षर चांगलं चार ओळी उंच. सातव्या पानावर टाइपाचे खिळे जुळवणाऱ्याच्या लक्षात येतं की मजकूर मावत नाहीये. मग ओळी जवळ येतात. आठव्या पानाच्या मध्यावर टाइपच बदलतो, एकदम बारीक, आणि शेवटच्या तीन ओळींत शब्दांची छाटाछाट, एक 'एन' उलटा बसून 'यू' झालाय, आणि 'माझारँ' हे नाव त्याच एका पानावर दोन वेगळ्या स्पेलिंगांनी. रात्र झालीय, मेणबत्ती संपत आलीय, सकाळी पाँ-नफ पुलावर पोरं कागद घ्यायला उभी राहणार आहेत, आणि हा माणूस शिव्या घालत (माझारँला नाही, लिहिणाऱ्याला) खिळे बदलतोय. एवढं मला त्या अर्ध्या पानात दिसतं. दुसऱ्या पत्रकात उलटं. मजकूर सहाव्या पानावरच संपला म्हणून कवीने त्याच त्या उपमा परत घेऊन दोन पानं कशीबशी रेटलीत.

कार्डिनल द रेट्झ म्हणून एक होता, फ्रोंदचा मोठा कारस्थानी, स्वतः पत्रकं लिहिलेला, लिहवून घेतलेला. म्हातारपणी आठवणी लिहिताना तो म्हणतो की या युद्धातल्या पत्रकांचे साठावर खंड होतील, पण वाचण्यासारखी पानं त्यात शंभरही नाहीत. जाणकार त्याचं हे वाक्य मान डोलावून सांगतात. मला पटतं आणि पटत नाही. शंभर चांगली पानं चांगल्या माणसांनी लिहिली, ती पुन्हा छापली गेली, त्यांची चिंता नको. मला हवीत ती उरलेली. दमलेल्या कवीची, पोट भरण्यासाठी लिहिलेली, कालच्या शिवीत आजचं यमक घातलेली. वेढ्यात पुस्तकं कोण घेतंय, छापखान्यांना काम नव्हतं, तेव्हा या चिटोऱ्यांवर कितीतरी घरांची चूल पेटली. त्यात छापखाना चालवणाऱ्या विधवाही होत्या, कागदावर नावच तसं असतं, 'अमक्याची विधवा यांजकडे'. त्यांना माझारँचं काय पडलं होतं कोण जाणे.

बरं, हे सगळं बिनधोक होतं असं नाही. १६४९ च्या जुलैमध्ये मोर्लो नावाचा छापणारा पकडला गेला, राणीच्या पलंगाच्या पडद्याबद्दल एक घाणेरडी कविता छापताना. फाशी ठरली. त्याला घेऊन निघाले, आणि वाटेत जमावाने शिपायांवर दगडफेक करून त्याला सोडवला. कविता मी वाचलीय, सुमार आहे. पण तिच्यासाठी एक माणूस दोरापर्यंत जाऊन आला.

आणि रनोदो! तेओफ्रास्त रनोदो हा 'गाझेत'वाला, सरकारी वर्तमानपत्राचा बाप. राणी सां-जर्मांला गेली तेव्हा हाही छापखाना घेऊन तिकडे गेला आणि राजाच्या बाजूने छापायला लागला. पोरं मात्र पॅरिसमध्ये राहिली आणि पार्लमांच्या बाजूचं साप्ताहिक काढलं, तेही धडाधड खपलं. कुणीही जिंको, घर चालू. आपल्याकडे एका घरातले दोन भाऊ दोन पक्षांत असले की लोक गालातल्या गालात हसतात ना, तसंच.

सगळ्यात मोठी गोष्ट अजून सांगायचीच आहे, ती माझारँच्या लायब्ररीची. या माणसाने गाब्रिएल नोदे नावाचा ग्रंथपाल ठेवला होता, नोदेने युरोपभर फिरून चाळीसेक हजार पुस्तकं जमवली आणि लायब्ररी अभ्यासकांना खुली केली, जे तेव्हा फ्रान्समध्ये कुणीच करत नव्हतं. १६४९ मध्ये मालकावर चिखलफेक सुरू झाल्यावर नोदेने काय करावं, तर ती सगळी पत्रकं गोळा करून वाचली आणि त्यांच्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, दारू पीत पीत दोन माणसं एकेका पत्रकाची चिरफाड करताहेत असं. म्हणजे माझारिनादचा पहिला अभ्यासक माझारँचाच नोकर. मग १६५१ च्या डिसेंबरात पार्लमांने माझारँच्या डोक्याला दीड लाख लिव्ह्र इनाम लावलं, आणि पैसे कुठून आणायचे तर त्याची लायब्ररी विकून. (गावातल्या टवाळांनी लगेच इनामाचं दरपत्रक काढलं, नाकाला इतके, कानाला इतके, डोळ्याला इतके, आणि पुढचं इथे लिहीत नाही.) नोदेने पार्लमांला छापील विनवणी केली की हे करू नका. केलं. वैद्यकाची पुस्तकं त्याने स्वतःच्या पैशांनी सोडवून घेतली, मग स्वीडनच्या राणीकडे नोकरीला गेला, आणि १६५३ मध्ये परत येताना वाटेत वारला. माझारँ तोवर पॅरिसमध्ये परतला होता, आणि ज्या शहराने त्याच्या डोक्याला भाव लावला त्याच शहरात पुन्हा पुस्तकं जमवत होता. नोदेची पुस्तकंही त्याने घेतली.

ती लायब्ररी आजही आहे, सेन नदीच्या काठी, के द काँतीवर, बिब्लिओतेक माझारीन. आणि जगातल्या माझारिनादच्या सगळ्यात मोठ्या संग्रहांपैकी एक तिथेच आहे. ज्याला शिव्या घातल्या त्याच्याच घरात त्या जपून ठेवल्यात, सूचीसकट. मी पहिल्यांदा तिथे गेले, टेबलावरचा हिरवा दिवा लावला, जाड खंड समोर आला, उघडला, आणि त्यात साठ-सत्तर पत्रकं एकामागोमाग शिवलेली.

शिवलेली. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्या काळी लोक सुटी पत्रकं घ्यायचे आणि हौशी मंडळी ती साठवून, विषयवार किंवा तारीखवार लावून चामड्यात बांधून घ्यायची. म्हणून वाचली ती. खंडाला कुणी चूल पेटवत नाही, सुट्या कागदाने पेटवतात. एकोणिसाव्या शतकात मोरो नावाच्या माणसाने चार हजारांच्या वर पत्रकांना नंबर दिले, अजूनही विक्रेते 'मोरो अमुक' असंच म्हणतात. टोकियो विद्यापीठाकडे अडीच हजारांच्या वर आहेत, तेही असेच खंडात. म्हणजे बाजारात माझ्यासारखीला साठ युरोत सुटा कागद मिळतो, तो कुठून येतो? कुणीतरी खंड फोडतो. अख्खा खंड घेणारं गिऱ्हाईक एक, सुटी पत्रकं घेणारी साठ. शिवण कापायची, प्लास्टिक घालायचं, लिस्टिंग टाकायची. हे मला कळलं तेव्हा माझी सात खरेदी झाली होती. त्यानंतर बारा झाली. आता काय बोलणार.

फसलेही एकदा. ऑनलाइन घेतलेल्या एका कागदाला पानं सहाच निघाली, शेवटची दोन गायब, फोटो मोठ्या हुशारीने काढलेले. विकणाऱ्याला लिहिलं तर म्हणाला, पूर्ण आहे असं मी कुठे म्हटलं होतं. खरंच नव्हतं म्हटलं. तोही ठेवलाय.

माझा लाडका प्रकार मात्र वेगळाच, सां-तुआँ आणि माँमोरँसीच्या दोन शेतकऱ्यांच्या गप्पा. पॅरिसच्या आसपासच्या खेड्यातली बोली जशीच्या तशी कागदावर आणलीय, म्हणजे शहरी माणसाने खेडवळांची नक्कल केलीय खरं तर, हसण्यासाठी. पण त्या बोलीचं एवढं लिखाण दुसरीकडे सहज सापडत नाही, म्हणून आज भाषावाले ती पत्रकं घेऊन बसतात. मोठमोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाहीत. मी किचनमध्ये वाचते. शेजारीण एकदा विचारत होती सगळं ठीक आहे ना म्हणून. या गप्पांचं अस्सल पत्रक माझ्याकडे नाही, परवडत नाही, छापील आवृत्तीवर भागवते.

तर आई. सुतळी बाजूला ठेवल्यावर ती थोडा वेळ गप्प होती, मग चष्मा लावून एकेक कागद बघायला लागली. फ्रेंच तिला येत नाही, त्यामुळे ती वाचत बसली नाही, नुसतं बघत होती. तिने आमच्या शाळेच्या वह्यांची उरलेली कोरी पानं दरवर्षी मे महिन्यात दाभणाने शिवून नव्या वह्या केल्यात, त्यामुळे तिचा हात कागदाच्या कडेवरून आपोआप गेला. "हे दोनदा शिवलंय गं." मी म्हटलं कशावरून? तिने दाखवलं. कडेला तीन भोकं जवळजवळ, बारीक, आणि त्यांच्याहून जरा आत पाच भोकं, मोठी. पहिली विकणाऱ्याने घाईत घातलेल्या टाक्याची, दुसरी बांधणाऱ्याची. चार वर्षं ते कागद माझ्याकडे होते, मी मजकूर वाचला, रेघा मोजल्या, पाणखुणा शोधल्या, भोकं बघितली नव्हती.

मग तिने दोन कागद उचलले, एकावर एक ठेवले, खिडकीशी नेले आणि उजेडात धरले. पाचही भोकं आरपार. "हे दोन एका शिवणीतले." एक मी ब्रासांस पार्कातून घेतलेला, दुसरा तीन वर्षांनी एका लिलावातून, लियोंहून आलेला. दोन्हीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तपकिरी शाईत हाताने आकडा, एकावर ३७, एकावर ५७. मी ते आकडे कुणा दुकानदाराचे समजत होते. दोन्ही साताचं शेपूट तसंच, खाली डावीकडे लांब ओढलेलं.

कुणीतरी एक माणूस होता मग. त्याने पुलावर उभं राहून हे घेतले, घरी नेले, लावले, आकडे घातले, शिवायला दिले. फ्रोंदवाला होता की माझारँच्या बाजूचा, काही कळायला मार्ग नाही. मधले एकोणीस कुठे आहेत, तेही नाही. आई म्हणाली, बघ शोधून, मिळतील. अशी म्हणाली की जणू भाजीच्या पिशवीतून मटार सांडलेत आणि ते टेबलाखालीच कुठेतरी असणार.

तेव्हापासून मी विकणाऱ्यांना शीर्षकाचा फोटो मागतच नाही. मागते वरच्या उजव्या कोपऱ्याचा, आणि शिवणीच्या कडेचा, शेजारी पट्टी ठेवून. बरेच जण उत्तर देत नाहीत. एकाने विचारलं मादाम, तुम्हाला पत्रक हवंय की भोकं? दोन वर्षांत एक सापडला, ४४, साताची खूण नसल्यामुळे नुसत्या भोकांवर ओळखला. गेल्या मंगळवारी नांतच्या एका लिस्टिंगमध्ये कोपऱ्यात काहीतरी तपकिरी दिसतंय, फोटो इतका पुसट की ४७ आहे की ४१ सांगता येत नाही. मेल टाकलाय. आई रोज रात्री फोनवर जेवणाच्या आधी तेच विचारते, आणि मी सांगते, अगं अजून पट्टी लावून फोटो पाठवला नाही त्याने.